दोन नंबरपासून सुरू होणारी यादी

जागचा न हलता सर्वांत लांबवर जाऊन आलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी बेधडक आमच्या घरमालकांकडे बोट दाखवीन. बंगळुरात शिवाजीनगरच्या बस स्टँडपासून पायी दहा मिनिटांवर त्यांचं दुमजली घर आहे. खाली ते आणि काकू, वर मी आणि माझा नवरा. मी मूळची नागपूरची, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी कुठे कुठे मोडू शकतील याचा दिवसभर विचार करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. काका मात्र इथलेच. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं ते स्वतःच सांगतात. त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मुरलेली आहे की ती वेगळी काढता येत नाही. माझ्या दुप्पट वयाचा हा गृहस्थ मला पहिल्याच दिवसापासून ‘अक्का’ म्हणायला लागला, तेव्हा मी आरशात जाऊन केस तपासले होते. पुढे कळलं की इथे ज्या बाईचा मान ठेवायचा ती अक्का आणि ज्या पुरुषाचा ठेवायचा तो अण्णा. पण काकांच्या तोंडून ‘अण्णा’ हा शब्द फक्त एकाच माणसासाठी निघायचा, आणि तो माणूस घरात नव्हता.

घराच्या पुढच्या अंगणात, फाटकाकडे तोंड करून, एक हिरवी डिझेल जीप उभी असे. उभी म्हणण्यापेक्षा अधांतरी म्हणायला हवं. होसकोट्याच्या कुठल्याशा कारखान्यातून काकांनी चार भक्कम लोखंडी स्टँड बनवून आणले होते आणि त्यांच्यावर जीप अशा बेताने चढवली होती की चारही चाकं जमिनीपासून एका लिंबाएवढी वर राहावीत. लिंबाएवढी हे माप मी लाडाने सांगत नाहीये. प्रत्येक चाकाखालच्या फटीत खरोखरच एकेक लिंबू ठेवलेलं असे. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, गाडी त्याला चिरडून पुढे गेली की दृष्टही गेली आणि प्रवासही सुरू झाला, हे आमच्या नागपुरातही आहे. पण काकांची लिंबं चिरडली जात नसत. दर अमावास्येला ते जुनी चार उचलत आणि ताजी चार ठेवत. जुन्यांचं काकू काय करत ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी सरबत पुढे केलं की माझं पोट मात्र हटकून भरलेलं असे.

रोज सकाळी नऊ वाजता काका डोक्याला टोपी, डोळ्यांना काळा चष्मा आणि छातीवरून पट्टा अशा थाटात जीपमध्ये बसत. काकू घरातून उभा पंखा आणून रेडिएटरपुढे लावत, कारण गाडी पळत नसली तरी इंजिन तापतं. मग काका किल्ली फिरवत, गिअर टाकत, आणि मागची दोन चाकं हवेत घरघरायला लागत. बारा वाजेपर्यंत हा प्रवास चाले. चाकं फिरली की किलोमीटरचा आकडाही फिरतो, त्यामुळे दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर मार्गी लागत. मांडीवर नकाशा असे. पहिल्या आठवड्यात मी घाबरत घाबरत खाली उतरले आणि विचारलं, “काका, तुम्ही हे काय करून राहिले?” त्यांनी नजर समोरच्या फाटकावरून न हलवता सांगितलं, “स्वल्प बाजूला हो अक्का, पंख्याचं वारं अडतं. क्वेट्टा सोडलं आत्ताच. पुढं दीडशे किलोमीटर पाणी नाही.” मी बाजूला झाले. खरं सांगायचं तर थोडी रस्त्याच्या कडेला झाल्यासारखी झाले.

काकूंना यात काही वावगं वाटत नसे. “आज बलुचिस्तानात आहेत, भूक लागत नाही तिकडं, ताक तेवढं ठेवलंय,” असं त्या भाजी निवडता निवडता सांगत. त्याच मला एकदा म्हणाल्या की ह्यांचा थोरला भाऊ, अण्णा, पंचेचाळीस वर्षांमागे अश्शीच हिरवी जीप घेऊन ह्याच रस्त्याने विलायतेला निघाला. वाटेतून पत्रं येत होती. शेवटचं कार्ड तुर्कस्तानच्या पूर्वेकडच्या एका डोंगरी गावातून आलं, टाकल्यापासून सात आठवड्यांनी. त्यावर एवढंच होतं : ‘उद्या निघतो. गाडी सरी आहे.’ सरी म्हणजे कन्नडात ठीक. त्यानंतर ना माणूस आला, ना जीप, ना कुणाचं पत्र. त्या गावात जायचं, अण्णाला शेवटचं पाहिलेलं कुणी आहे का ते विचारायचं, यासाठी काका अकरा वर्षं गाडी तयार करत होते. आणि आता वेळ संपत आली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या खेपेला लायसन्सच्या कागदावर सही केली, पुढच्या खेपेला करणार नाही. व्हिसा आला होता, गाडी देशाबाहेर नेण्याचं जकातीचं पुस्तक आलं होतं, मुंबईहून इराणला जाणाऱ्या बोटीचं ठरलं होतं, कारण अण्णाचा खुष्कीचा रस्ता आता हिंदुस्थानी गाडीला मोकळा नाही. सगळं आलं होतं. फक्त काका निघत नव्हते. नकाशावर ते त्या गावापर्यंत पोचत, इंजिन बंद करत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंगळुराहून निघत. असं किती वेळा झालं ते काकूंनी मोजणं सोडलं होतं.

न निघण्याचं कारण सुरक्षितता. इतका सावध माणूस मी पाहिलेला नाही. चिकपेटेच्या बाजारात दोरी आणायला जायचं तरी ते काकूंना जाण्याचा रस्ता, येण्याचा रस्ता, तो बंद असल्यास तिसरा रस्ता आणि परतीची वेळ लिहून देत. रिक्षात बसण्यापूर्वी चारी बाजूंनी फिरून टायर बघत, आणि तीनच असल्याबद्दल दर वेळी थोडे नाराज होत. पासपोर्टच्या प्रती सात ठिकाणी ठेवाव्यात असं त्यांनी कुठे वाचलं होतं, त्यातली सहावी जागा रव्याचा डबा होती, उपम्यात एकदा काकांचा पासपोर्ट साइज चेहरा निघाला तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, “बघा, इथंपण हसत नाहीत.” चिकपेटेतल्या बोळांतून त्यांनी काय काय आणलं नव्हतं! ताडपत्री, ओढायची दोरी, बर्फात चाकांना गुंडाळायच्या साखळ्या, शिट्टी, सुया, तीन तऱ्हांचे कंदील. प्रत्येक वस्तू घरच्या तराजूवर तोलली जाई आणि एका जाड वहीत नोंदली जाई.

ती वही त्यांनी एक दिवस माझ्या हातात दिली. “तू टेस्टिंगवाली. काय राहिलंय ते बघ.” मी धंदेवाईक उत्साहाने बसले. कलमं तीनशे सतरापर्यंत, प्रत्येकापुढे दोन रकाने. पहिल्यात फुली, दुसऱ्यात बरोबरची खूण. चौदा : जादा फॅनबेल्ट. सदतीस : पायमोज्यांचा चौथा जोड. एकशे तीन : वळणावर मेंढ्या. तिथवर मी हसत होते. एकशे बासष्ट : अनोळखी माणसाने दिलेला चहा. दोनशे चार : झोप. दोनशे पाच : बर्फ. दोनशे सहा : बर्फाखालचं पाणी. दोनशे नव्वद : मागून कुणी नावाने हाक मारल्यास. भर दुपारी, गच्चीवरचे कपडे डोळ्यांसमोर वाळत असताना, मी वही मिटून ठेवली. मग माझ्यातल्या टेस्टरला एक खोट सापडली आणि मला जरा हायसं वाटलं. यादी दोनपासून सुरू होत होती. पहिलं पान फाडलेलं होतं.

“काका, एक नंबर कुठे गेला?”

“सरी आहे ते,” काका म्हणाले. “दोनपासून बघ.”

जीपमध्ये एकच गोष्ट बरोबर होत नव्हती, ती म्हणजे डावा इंडिकेटर. तो मनाला येईल तेव्हा आपोआप लागे. शिवाजीनगरचा एक म्हातारा मेकॅनिक तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि चहा न घेता निघाला. “वायर बदल दिया, बल्ब बदल दिया, स्विच बी बदल दिया, साब. अब मेरे हाथ की बात नहीं,” एवढं तो फाटकातून म्हणाला. आणखीही काही गोष्टी होत्या. काकांचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा पडला होता, लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांचा पडतो तसा. पण ते जीप पूर्वेला उजवी बाजू करून उभी असल्याने असेल. त्यांच्या बुटांवर पिवळी, मऊ धूळ असे. आमच्या अंगणात फरशी आहे आणि बंगळुराची माती लाल आहे. मी त्याचाही काहीतरी उलगडा करून ठेवला होता, आता आठवत नाही.

एका रविवारी काकांनी मला बोलावलं. “आज ते गाव येतं. तू सोबत बस, यादी मोठ्यानं वाच. माझं काय चुकतंय ते सांग.” मी पुढच्या डाव्या सीटकडे गेले तर ते चटकन म्हणाले, “तिथं नको अक्का. मागं बस.” डाव्या सीटवर कुणी नव्हतं, पण तिचा पट्टा मात्र नीट लावलेला होता. मी मागे बसले, पाण्याची बाटली शेजारी ठेवली, काकूंनी पंखा लावला, आणि आम्ही निघालो. म्हणजे आम्ही तिथेच राहिलो आणि चाकं निघाली.

मी वाचत होते, काका “आहे, आहे” म्हणत होते. फाटकापलीकडे भाजीची गाडी गेली, शेजारच्यांचा कुकर झाला, मग हळूहळू मला घरघरीशिवाय दुसरं ऐकू येईना. दीडशेच्या पुढे माझ्या कानांना दडे बसल्यासारखं झालं, घाटात होतं तसं. दोनशेच्या पुढे थंडी वाजायला लागली. पंख्याचं वारं, मी स्वतःला सांगितलं. पण पंखा रेडिएटरकडे तोंड करून होता आणि मे महिना होता.

“काका,” मी आपला आवाज ऐकू यावा म्हणून विचारलं, “ही यादी कोणत्या ऑर्डरमध्ये आहे? इंजिननंतर झोप, मग विंचू, मग परत ब्रेक. काही सिक्वेन्सच लागत नाही.”

“जसं सुचलं तसं,” काका म्हणाले. “अण्णाकडं काय नव्हतं, त्याची यादी आहे ती. पहिला रकाना अण्णाचा. दुसरा आत्ताचा.”

माझ्या हातातली वही एकदम जड झाली. मला सगळी फुल्यांची ओळ दिसली. पंचेचाळीस वर्षांत या माणसाने आपल्या भावाला तीनशे सोळा तऱ्हांनी मरताना पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी चिकपेटेत जाऊन त्यावरचा उपाय आणला होता. मी उपम्यातल्या फोटोवर किती हसले होते! मला स्वतःची लाज वाटली.

“आणि एक नंबर?” मी विचारलं.

काकांनी गिअर बदलला. चढ असावा.

“एक नंबर मी. दोघं जायचं ठरलं होतं. पासपोर्ट काढलेला मी. निघायच्या आदल्या आठवड्यात मला सरकारी कचेरीतून नेमणुकीचा कागद आला. अण्णा म्हणाला, राहू दे रे, तू नोकरी धर, पुढच्या वेळी जाऊ. ही डावीकडची जागा माझी. गादी शिवून घेतली होती त्यानं माझ्यासाठी.” मग ते म्हणाले, “सोबत, असं लिहिलं होतं पहिल्या पानावर. फाडलं. बाकी सगळं मिळतं अक्का, चिकपेटेत.”

समोर काकांनी वेग कमी केला. “आलं गाव,” ते म्हणाले आणि त्यांचा उजवा हात किल्लीकडे गेला, रोज जात असेल तसा.

“पुढे?” मी विचारलं. टेस्टरची सवय, दुसरं काही नाही.

“पुढं चौक आहे. तीन रस्ते फुटतात. अण्णा कुठं वळला, मला माहीत नाही.”

आणि तेवढ्यात टिक, टिक, टिक असा आवाज सुरू झाला. डावा इंडिकेटर लागला होता. काकांचा एक हात किल्लीवर होता, दुसरा मांडीवर. स्टिअरिंगजवळची दांडी सरळच होती. एरवी ते त्या इंडिकेटरवर खेकसत. त्या दिवशी ते ऐकत राहिले. मग ज्या आवाजात ते बोलले तो सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा नव्हता, धाकट्या भावाचा होता.

“लेफ्ट का, अण्णा?”

टिक, टिक चालूच होतं. काकांनी किल्लीवरचा हात काढला आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं. सपाट फरशीवर स्टँडवर घट्ट बसवलेल्या त्या जीपमध्ये माझी बाटली उजवीकडे कलंडली, घरंगळली आणि दारावर आपटली. हे मी पाहिलं आहे. यानंतर आम्ही अकरा किलोमीटर गेलो. वही माझ्या मांडीवर मिटलेली होती. मग त्यांनी इंजिन बंद केलं, आणि कुकर, भाजीवाला, रविवार सगळं परत आलं.

खाली उतरल्यावर काका पुढच्या डाव्या चाकाशी वाकून उभे राहिले. त्या चाकाखालचं लिंबू चिरडलेलं होतं. पुढची चाकं इंजिनवर फिरत नाहीत, मी नंतर विचारून खात्री केली. फट तशीच होती, लिंबाएवढी. पण फरशीवर रस ओला होता आणि त्याचा ताजा वास येत होता. काकूही पंखा उचलता उचलता थांबल्या. प्रवास सुरू झाला की लिंबू चिरडतं, हे त्या घरात अकरा वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. लिंबू चिरडलं म्हणजे प्रवास सुरू झाला, हे कुणी उलट वाचून पाहिलं नव्हतं. सुरू झालेला प्रवास थांबवून घरात जाऊन जेवायला बसणं काकांच्या नियमांत बसत नव्हतं.

“निघालो की गं,” ते काकूंना म्हणाले, जरा ओशाळून.

चार दिवसांनी, राहूकाळ टळल्यावर, सकाळी साडेदहाला काका खरोखर निघाले. जीप स्टँडवरून उतरली तेव्हा मला ती एकदम बुटकी वाटली. काकूंना गाडी लागते, त्यामुळे त्यांच्या जाण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी कोहळा ओवाळून फाटकाबाहेर फोडला आणि “पाणी उकळून प्या,” एवढंच सांगितलं. चाकांखाली तीनच लिंबं ठेवली होती. डावीकडच्या सीटवर काकांनी एक जुनी, हाताने शिवलेली गादी टाकली होती. शेवटच्या क्षणी त्यांनी काच खाली केली आणि ती जाड वही माझ्या हातात दिली. “तुझ्याकडं ठेव अक्का. पाठ आहे मला.” जीप हलली, तीन लिंबं एकामागून एक फुटली, आणि अकरा वर्षं त्या फाटकाकडे तोंड करून उभी असलेली गाडी त्याच्यातून बाहेर पडून डावीकडे वळली. मेन रोड उजवीकडे आहे. वळेपर्यंत मला वाटत होतं मी हात हलवतेय. नंतर पाहिलं तर मी वही छातीशी धरून उभी होते.

मुंबईहून निरोप आला, बोटीवरून आला, मग इराणातून रोज एक. ‘पोचलो. गाडी सरी. जेवलो.’ काकू तो मला वाचून दाखवत, आणि मी नकाशावर बोट पुढे सरकवत असे. माझ्या नवऱ्याने मला एकदा विचारलं की तू सकाळी नऊला खिडकीशी का उभी राहतेस. अंगणात चार स्टँड तसेच आहेत, मधे रिकामं. नऊ वाजले की काकू अजून उभा पंखा बाहेर आणतात आणि मग आठवण होऊन परत नेतात.

मागच्या आठवड्यात त्या डोंगरी गावातून निरोप आला. अण्णाला ओळखणारं तिथे कुणी उरलं नव्हतं, पण चौक होता, तीन रस्ते होते. निरोपाच्या शेवटी होतं, ‘उद्या निघतो. गाडी सरी आहे.’ तेव्हापासून आज पाचवा दिवस. फोन लागत नाही. मी काकूंना म्हटलं, डोंगरात रेंज नसेल. काकू माझ्याकडे बघून हसल्या, मला धीर द्यावा तशा. “पत्र यायला सात आठवडे लागतात अक्का. या घराला सवय आहे.”

आज दुपारी मी वही उघडली. काय राहिलं, कुठे चुकलं हे शोधायचा माझा हात शिवशिवत होता, तीनशे अठरावं कलम लिहायला मी पेनही घेतलं होतं. लिहिलं नाही. मागून पुढे पानं उलटत आले, फाडलेल्या पानाच्या जागी एक कोरा कागद चिकटवला आणि त्यावर दोन रकाने आखले, काकांच्या आखणीसारखेच. एकाच्या डोक्यावर ‘अण्णाकडे नव्हतं’, दुसऱ्याच्या डोक्यावर ‘आता आहे’. मग लिहिलं : १. सोबत. पहिल्या रकान्यात फुली मारली. दुसऱ्यात बराच वेळ पेन टेकवून बसले, आणि बरोबरची खूण केली.